पिकअपचं ॲव्हरेज: दीड लिटर घ्यावी की अडीच?

मोंढ्यात नवी पिकअप उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, किती देते?" सांगणारा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा आणि चांगल्या रस्त्यावरचा आकडा सांगतो. त्या आकड्यावर भाडं ठरवलं की पहिल्याच हंगामात हिशोब बसत नाही. मी आधी दीड लिटर इंजिनाची चालवली, आता अडीच लिटर इंजिनाची चालवतो. गाव तेच, बाजार तोच, माल तोच. त्यामुळे दोन्हींची तुलना करायला मला बरी संधी मिळाली.

दीड लिटर म्हणजे इंट्रा व्ही३०, व्ही५०, दोस्त, बडा दोस्त ही मंडळी. मोठ्या इंजिनात बोलेरो पिकअप आणि तिच्या जवळपासची २.२ लिटरची योद्धा. हौदा, पासिंग, हप्ता हे शोरूमवाला सांगेलच. माझ्या दोन गाड्या कोणत्या कंपन्यांच्या, त्याने पुढच्या मजकुरात काही फरक पडत नाही. बोलायचं आहे ते इंजिनाच्या आकाराबद्दल.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात. तिथून जालन्याची बाजार समिती ५५-६० किलोमीटर. जाताना मोसंबी, येताना कधी खताची पोती, बरेचदा रिकामं. या रस्त्यावर मला मिळालेलं ॲव्हरेज, म्हणजे लिटरमागे किलोमीटर, साधारण असं: रिकामी असताना दीड लिटरची १७ च्या आसपास, अडीचची १४ ते १५. इथे लहान गाडी सरळ पुढे आहे, वादच नाही. पण दीड टन माल भरला की लहान गाडी साडेअकरावर येते आणि मोठी अकरावर राहते. रिकाम्या गाडीतला अडीच किलोमीटरचा फरक भरल्यावर अर्ध्या किलोमीटरवर येतो. तुमच्या रस्त्यावर आकडे वेगळे येतील, पण फरक असाच आटत जातो, हे मी दुसऱ्या गाडीवाल्यांकडूनही ऐकलं आहे.

असं का होतं, याचं उत्तर मला गतिरोधकांवर सापडलं.

आपल्याकडच्या रस्त्यांवर प्रत्येक गावाच्या दोन्ही टोकांना गतिरोधक असतोच. शाळेपुढे एक, मंदिरापुढे एक, आणि कुठे अपघात झाला असेल तर गावकऱ्यांनी स्वतःच मुरूम-डांबर टाकून केलेला आणखी एक. त्याला ना पट्टे, ना पाटी. भरलेली गाडी तीन-सव्वातीन टनांची. ती पन्नासच्या वेगावरून दहावर आणायची आणि परत पन्नासवर न्यायची, तर ढोबळ हिशोबाने दरवेळी २५ ते ३० मिलिलिटर डिझेल जातं. पस्तीस-चाळीस गतिरोधक झाले की एक लिटर संपलं. एवढं डिझेल दोन्ही गाड्यांना द्यावंच लागतं, त्यातून कुणाची सुटका नाही.

फरक पडतो तो गतिरोधक ओलांडल्यानंतर. लहान इंजिनाचा सगळा जोर टर्बोवर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्यावर असतो, आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पंधराशे-सोळाशेच्या वर गेल्याशिवाय टर्बो अंगात येत नाही. भरलेल्या गाडीला तिसऱ्यात ठेवून गतिरोधक उतरलात की इंजिन ठोकायला लागतं. मग दुसरा टाका, ओढा, तिसरा टाका, ओढा, चौथा टाकतोय तोवर पुढचं गाव येतं. दुसऱ्या गिअरमध्ये ओढलेलं प्रत्येक मीटर महाग असतं. मोठं इंजिन तिसऱ्यातच, थोडं कुरकुरत का होईना, उचलून घेतं. त्यात डिझेल फार वाचतं असा माझा दावा नाही. पण लहान गाडीचं जे ॲव्हरेज रिकाम्या रस्त्यावर कमावलेलं असतं, ते या दुसऱ्या-तिसऱ्याच्या खेळात परत जातं. आणि डाव्या पायाला, गुडघ्याला जे होतं ते कुठल्याच ॲव्हरेजमध्ये येत नाही. मला गाडी बदलायला लावली ती याच गोष्टीने. दुसरी कुठलीही तक्रार मी सोसली असती.

यात आणखी एक अडचण आहे. लहान गाडीचं ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या पायावर फार अवलंबून असतं. मी चालवली तर साडेअकरा, पुतण्याने चालवली तर दहा. तो घाईत नसतो, पण आरपीएम खाली जाऊ द्यायचा नाही म्हणून पाय दाबून ठेवतो, आणि त्याचंही चूक नाही. मोठ्या गाडीत आम्हा दोघांत फारसा फरक पडत नाही. भाडं आदल्या रात्री फोनवर ठरतं, डिझेल दुसऱ्या दिवशी जळतं. गाडी किती देणार हे आधी माहीत असणं मला दोन किलोमीटर जास्त मिळण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पांदण रस्त्याचं वेगळं सांगायला हवं. मोसंबीच्या आंबे बहाराची तोडणी पावसाच्या दिवसांत येते. काळ्या मातीत क्रेट भरलेली गाडी बागेतून बाहेर काढायची, तर लहान गाडीत क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. जळक्या वासावरून कळतं की क्लच प्लेट चालली. मोठी गाडीही चिखलात रुतते, चाक फिरायला लागलं की तीही काही करू शकत नाही. पण जिथवर चाक धरतं तिथवर ती नुसत्या इंजिनाच्या ताकदीवर हळूहळू निघते. क्लच प्लेटचा खर्च कुणी ॲव्हरेजमध्ये मोजत नाही. मोजायला हवा.

आता पैशाचं. डिझेल ९० रुपयांच्या वर आहे. जाताना भरलेली, येताना रिकामी अशा एका फेरीला मोठी गाडी पाऊण-एक लिटर जास्त पिते, म्हणजे ८० रुपयांच्या आसपास. परतीला खत मिळालं तर हा फरक चाळीस-पंचेचाळीसवर येतो. ही रक्कम लहान नाही, वर्षभराची बेरीज केली तर डोळ्यांत भरते. तरी मी ती देतो.

मोठ्या इंजिनाची खरी कमजोर बाजू मात्र लपवू नये. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमाच्या) डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारं डीपीएफ आलं. त्यातली काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. मोठं इंजिन हलक्या मालावर, जवळच्या जवळ फिरवलं, आडतीपुढे रांगेत तासभर चालू ठेवलं, की ते तापतच नाही. मग गाडी जास्तीचं डिझेल टाकून काजळी जाळायला बघते, आपण मध्येच चावी काढतो, आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ॲव्हरेज घसरतं ते इथेही. लहान इंजिनावर ताण जास्त असल्यामुळे ते लवकर तापतं, त्याला हा त्रास कमी. काही मॉडेलना युरियाही लागतो (खताचा नव्हे, धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालायचं द्रावण), तो डिझेलच्या ३ ते ५ टक्के धरून हिशोबात घ्यावा.

म्हणून वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पार्सल, सुटे भाग, किराणा असा हलका माल फिरवणाऱ्याने माझं ऐकून मोठी गाडी घेऊ नये. त्याला लहानच फायद्याची. जालन्याहून समृद्धीवर चढून लांब जाणाऱ्यालाही कदाचित तीच. तिथे गतिरोधक नाहीत, एकदा पाचवा पडला की पडला. फक्त वेग सांभाळावा लागेल, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. कॅबिनच्या वर क्रेट रचून ताडपत्री फडफडत ठेवली, तर कुठलंही इंजिन ॲव्हरेज देणार नाही. ताडपत्री ताणून बांधल्याने मला जेवढा फरक दिसला, तेवढा टायरमधल्या हवेनेही दिसला नाही.

ज्याचा माल शेतातून निघतो, रस्ता गावागावांतून जातो आणि गाडी घरातले दोघं-तिघं चालवतात, त्याने मोठ्या इंजिनाचा विचार करावा, असं मला वाटतं. ठरवण्याआधी ट्रायलला रिकामी गाडी घेऊ नका. शोरूमवाला आढेवेढे घेईल, तरी दहा-बारा क्विंटल माल टाकायला लावा आणि स्वतःच्या गावच्या रस्त्याने न्या. गतिरोधकावर गाडी तिसऱ्यातच ठेवून बघा. दुसरा टाकावा लागला, तर शोरूममधलं ॲव्हरेज तुमच्या रस्त्यावर मिळणार नाही.