जुनी पेटी दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

मुलगा गाण्याच्या क्लासला जाऊ लागला आणि माळ्यावरची आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, खाली आली. भाता हवा धरत नव्हता, तीन सूर मुके होते, एक काळी पट्टी दाबली की वर येत नव्हती. ती दुरुस्तीला दिली, तेवढ्या काळापुरती क्लासच्या बाईंनी त्यांच्याकडची नवीकोरी पेटी वापरायला दिली. जुनी परत आल्यावरही नवी महिनाभर आमच्याकडेच होती. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून ऐकता आल्या.

आधी पैशांचं. भात्याचं काम, पट्ट्यांखालचं चामडं, सुरांची (म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी रीडची) सफाई आणि ट्यूनिंग मिळून मला 6,500 रुपये लागले. साधी खर्ज-नर जोडीची (दर पट्टीला एक खालचा आणि एक मधला असे दोन सूर असलेली) नवी पेटी मला 19,000 ला सांगितली होती. तुमच्या गावात आकडे वेगळे असतील. स्केलचेंजरच्या, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणाऱ्या पेटीच्या, वाटेला मी गेलोच नाही. शिकणाऱ्या मुलाला ते वजन आणि ते जास्तीचे भाग कशाला?

नवीच्या बाजूनं बोलायचं तर तिच्या सगळ्या पट्ट्या एकसारख्या दबत, सगळे सूर एकमेकांशी जुळलेले होते आणि कारागिराची वाट बघावी लागत नव्हती. जुनीसाठी मी तीन आठवडे थांबलो. पावसाळ्यात दमट हवेनं एक पट्टी पुन्हा अडकली, तेव्हा आणखी एक फेरी झाली. ज्यांच्या जवळपास पेटीवाला नाही, त्यांनी याचा विचार नक्की करावा.

तरीही माझं मन जुनीकडे झुकलं, ते मंद्रातल्या सुरांमुळे. नव्या पेटीत डावीकडचे सूर उशिरा बोलत. मुलगा सकाळी शांतपणे सा लावायला बसे, पट्टी दाबे, भाता हलका सोडे, आणि सूर यायच्या आत त्याचा आवाज निघालेला असे. मग तो सूर लवकर यावा म्हणून भाता जोरात मारू लागला. पंधरा दिवसांत त्याच्या डाव्या हाताला झटक्याची सवय लागली आणि आलापातही पेटी धापा टाकल्यासारखी वाजू लागली. मला ते ऐकवेना. जुनीचा भाता बोटांनी नुसता ढकलला तरी खर्ज बोलतो. ती घरी आल्यावर त्याचा हात आपोआप हलका झाला.

कारागिराला विचारलं तेव्हा त्यानं पेटीतला एक सूर बाहेर काढून दाखवला. पितळी चौकटीवर जी जीभ असते, ती चौकटीपासून जास्त उचललेली असेल तर हलक्या हवेत लवकर हलत नाही. फारच टेकलेली असेल तर जोराच्या हवेत गुदमरते. हे हातानं, एकेक सूर बघून बसवायचं काम आहे. नव्या पेटीतही ते करून घेता येतं, हे मान्य. पण 19,000 देऊन आणलेली पेटी पुन्हा उघडायची, हे मला पटलं नाही.

काही जुन्या पेट्या मात्र सोडून द्याव्यात. स्टॉपर (हवेची वाट उघडणाऱ्या पुढच्या खुंट्या) उघडे ठेवा, एकही पट्टी न दाबता भाता भरा. दाब लगेच सैल पडला तर बहुधा भाता किंवा चामडं, ते दुरुस्त होतं. पण सूर ज्या फळीवर बसवलेले असतात ती चिरली असेल, वाळवी लागली असेल, तर खर्च थांबत नाही. सूर आधीच पुष्कळ खरवडलेले असतील तरीही तेच. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि दर ट्यूनिंगला जीभ पातळ होत जाते. अशा वेळी खोकं बाद पण सूर चांगले असतील, तर काही कारागीर तेच सूर नव्या सागवानी पेटीत बसवून देतात. जर्मन सूर असतील तर ते फेकू नका, एवढी माझी विनंती.

दुरुस्तीला द्याल तेव्हा कारागीर कदाचित गंधार ट्यूनिंग करू का, असं विचारेल, म्हणजे एकच सा धरून बाकीचे सूर त्याच्याशी जुळवायचे. एका ठरलेल्या सा वर ते फार गोड लागतं, पण सा बदलला की बाकीचं बेसूर होतं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, आता काळी चारमध्ये (चौथी काळी पट्टी सा धरून) गातो, आवाज फुटला की त्याचा सा खाली येईल. मी साधंच ट्यूनिंग करून घेतलं.