जळगावातली वजनं + एअरबाईकची बॅच: १० महिने झाले, माझ्याकडून ४ स्टार

आधीच सांगतो, जिमचं नाव लिहिणार नाही. बॅचमध्ये १२ च जण घेतात, सध्या वेटिंग आहे, आणि मी नाव टाकलं की माझ्याच दुकानातल्या गिऱ्हाईकांचे फोन सुरू होतील की शेठ जरा वशिला लावा. मेहरूण तलावाकडे राहणाऱ्यांना अर्ध्या वर्णनातच कळेल कुठलं ते, त्यांनी गप बसावं.

माझं वय ४०, जॉइन झालो तेव्हा वजन ८४. कृषी केंद्र आहे, म्हणजे गल्ला, खुर्ची आणि दिवसाला सहा-सात कट चहा. मूळ गाव यावल तालुक्यात, पोरवयात केळीचे घड वाहिलेत त्यामुळे आपल्यात लय ताकद आहे हा गैरसमज चाळिशीपर्यंत टिकून होता.

या बॅचची किंमत कळायला त्याआधीचं सांगावं लागेल. त्याआधी मी दुसऱ्या एका जिममध्ये होतो (तिचंही नाव नाही). मला दोन्ही पाहिजे होतं, पोट पण जायला पाहिजे आणि दंड पण दिसायला पाहिजे. त्यांनी सांगितलं काही प्रॉब्लेम नाही सर, सहा दिवस वजनं आणि रोज शेवटी २५ मिनिटं 'हिट' (थोडा वेळ पूर्ण जोर, थोडी विश्रांती असा व्यायाम), म्हणजे बर्पी (खाली झोपून उठायचं आणि उडी मारायची), जंप स्क्वॉट, माउंटन क्लाइंबर, सगळं पाठोपाठ. वर मी शहाणा, सकाळी तलावाला धावायलाही जायचो. पहिला महिना काय मजा आली राव, वजन ३ किलो उतरलं, बेंच (बाकावर झोपून छातीवरून बार वर ढकलणं) ७० किलोपर्यंत गेला, मी तर दुकानात येईल त्याला लेक्चर द्यायचो. सातव्या-आठव्या आठवड्यात गाडी बसली. ७० चा बेंच ६० ला थरथरायला लागला, रात्री ३ ला टक्क जाग, सकाळी उठलो की पाय शिशाचे, जेवण नको वाटायचं, आणि चिडचिड इतकी की बियाण्याची बॅग बदलून मागायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांवर मी ओरडलो, घरी येऊन त्याचीच लाज वाटत राहिली. ट्रेनरला सांगितलं तर म्हणे सर मन कमजोर पडतंय, अजून दहा बर्पी मारा. शेवटी डॉक्टरांकडे गेलो, रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल, त्यांनी दिनक्रम ऐकला आणि म्हणाले दोन आठवडे काहीच करू नका. काहीच म्हणजे काहीच. दहाव्या दिवशी मी पहिल्यांदा सकाळपर्यंत सलग झोपलो.

मग ही बॅच. पहिल्या दिवशी कोचने मला लोखंडाला हात लावू दिला नाही. २० रुपयाची वही दिली आणि विचारत बसला, झोपता किती वाजता, दुकान कधी उघडता, दिवसभर उभे असता का बसून, जेवण कधी. मला वाटलं हा काय लग्न जमवतोय का. वहीत रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी एक मिनिट नाडी मोजून लिहायची, शेजारी झोप किती तास, आणि त्या दिवशी उचललेलं वजन. नेहमीपेक्षा नाडी सात-आठने जास्त आणि तीही सलग दोन दिवस असली की त्या दिवशी एअरबाईक म्हणजे ती पंख्याची सायकल बंद. हा काही दगडावरचा नियम नाही असं तो स्वतःच सांगतो, ताप येणार असेल, लग्नातून रात्री १ ला आला असाल तरी नाडी वाढतेच, पण नाडी वाढलेली, झोप मोडलेली आणि वजनही उचललं जात नाहीये असं तिन्ही एकदम दिसलं तर विषय संपला. 'कायले जीव देता भाऊ, घरी जा, झोपा.' पैसे घेऊन घरी पाठवणारा माणूस मी जळगावात पहिल्यांदा बघितला.

त्यानेच ती हिक्सनची गोष्ट सांगितली, मी नंतर शोधून वाचली, खरी आहे. १९८० साली रॉबर्ट हिक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १० आठवडे तीन गट चालवले. एकाला आठवड्यात ५ दिवस फक्त ताकदीचा व्यायाम, दुसऱ्याला ६ दिवस फक्त दमाचा म्हणजे सायकल आणि धावणं, तिसऱ्याला दोन्ही, पूर्णच्या पूर्ण. तिसऱ्या गटाची पायाची ताकद साधारण सातव्या आठवड्यापर्यंत पहिल्या गटाच्या बरोबरीने वाढली, मग अडकली, आणि शेवटी शेवटी चक्क खाली आली. सातवा आठवडा वाचला आणि मला माझा बेंच आठवला. पण यावरून काही लोक म्हणतात की कार्डिओ केलं की मसल जळतं, ते काही खरं नाही. त्या बिचाऱ्यांनी दोन्ही गटांचं सगळंच काम केलं होतं. एका पोळीवर दोन भाज्या चालतात, पण दोन थाळ्या एका पोटात कशा बसतील.

आता बॅचमध्ये काय असतं ते. वेळ सकाळी ५:४५, सहाला दार बंद. सोमवारी स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), प्रत्येकी तीन-चार सेट पाच-पाचचे, आणि दोन रेप (एकदा उचललं की एक रेप) खिशात ठेवून उठायचं, म्हणजे अजून दोन निघाले असते तिथेच थांबायचं. मला हे पचायला महिना लागला, कारण आमची आधीची सवय मान लाल होऊन बार छातीवर अडकेपर्यंत. मग पाच-दहा मिनिटं श्वास आणि पाणी, मग एअरबाईक, १५ सेकंद जोरात, ७५ सेकंद हळू, असे ८ राउंड. बस्स. जोराचं काम मोजलं तर दोनच मिनिटं होतात, पण तिसऱ्या राउंडपासून माणूस देवाचं नाव घेतो. वजनं आधी, सायकल नंतर, कारण उलटं केलं तर थकलेल्या पायांनी बार खांद्यावर घ्यावा लागतो आणि तिथेच कंबर जाते. मंगळवार, बुधवार फक्त चालणं. गुरुवारी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), पुलअप (माझे अजून रबर लावूनच), सायकल नाही. शनिवारी वजनं नाहीत, फक्त सायकल, ४ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं हळू, असं चार वेळा. बाकी दिवस आराम. मी विचारलं की सोमवारचं अर्धं काढून मंगळवारी का नाही देत, तर म्हणे जड दिवस जडच राहू द्या आणि हलका दिवस खरंच हलका, रोज थोडं थोडं पिळलं की भरून यायला शरीराला दिवसच उरत नाही.

एअरबाईक माहीत नसेल त्यांच्यासाठी, पुढे मोठा पंखा असलेली सायकल, हँडलही हाताने ढकलायची, जितकं जोरात माराल तितका पंखा जास्त अडवतो. धावण्यापेक्षा ही का, तर धावताना प्रत्येक पावलाला आपटणं असतं, मांडी ताणली जात असतानाच भार घेते, त्याने दुखणं जास्त राहतं आणि गुरुवारच्या डेडलिफ्टला पाय ताजे मिळत नाहीत. सायकलमध्ये ते आपटणं नाही. माझं तलावाला धावणं त्याने बंद केलं नाही, चालण्यावर आणलं. आता तलावाचे पक्षी दिसतात, आधी फक्त घड्याळ दिसायचं.

आणि टबाटाबद्दल. शहरात हल्ली कशालाही टबाटा म्हणतात, ४० मिनिटांचा टबाटा क्लास असतो म्हणे. इझुमी टबाटा या जपानी प्राध्यापकांचा १९९६ चा मूळ प्रयोग सायकलवरचा, २० सेकंद जोरात, १० सेकंद थांबा, सात-आठ राउंड, म्हणजे चार मिनिटांत माणूस आडवा. ४० मिनिटं जमत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे, चांगलंही असेल, पण टबाटा नाही.

शनिवारी नाडी, ती जास्तीत जास्त जितकी जाऊ शकते त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास न्यायची असते. २२० वजा वयाचा जुना फॉर्म्युला आणि २०८ वजा वयाचा ०.७ पट हा नवा, दोन्ही करून बघितले, माझ्या वयाला दोन्हीत १८० च येतात, त्यामुळे कोचशी वाद घालायची संधी गेली. म्हणजे १६२. मे महिन्यात हे १६२ दुसऱ्याच राउंडला दिसायला लागले. मी खूश की काय दम काढतोय आपण, कोच म्हणाला दम नाही भाऊ, जळगाव आहे. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं म्हणून तेवढ्याच कामाला नाडी जास्त पळते. ४४-४५ डिग्रीच्या दिवसांत पहाटेसुद्धा पत्रा गरम असतो, त्याने चारचे तीन राउंड केले, कुणाचं काही ऐकलं नाही.

मला सर्वात पटलेली गोष्ट जूनमधली. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी ७ पासून रांग, कपाशीचं बियाणं, खत, दिवसभर उभं. त्यात दोन दिवस हमाल आला नाही आणि युरियाच्या गोण्या मीच उतरवल्या, एक गोणी ४५ किलोची. गुरुवारी गेलो तर कोचने विचारलं किती गोण्या? म्हटलं असतील तीसेक. त्याने वहीत डेडलिफ्टच्या रकान्यात 'युरिया ३०' लिहिलं आणि मला मॅटवर झोपून पाय भिंतीला लावायला सांगितले. पूर्ण जून माझे सेट निम्मे होते. आधीच्या जिममध्ये दुकानाचा थकवा कुणी मोजलाच नव्हता, मी सुद्धा नाही.

बॅचमधल्या पोरांचा एक लाडका मुद्दा असतो, की पैलवान तर रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही करतात. भिंतीवर विजय चौधरींचा फोटो आहे, आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे, २०१४, २०१५, २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. पोरं त्याकडे बोट दाखवतात. कोचचं उत्तर ठरलेलं, पैलवान दुपारी झोपतो, तुम्ही दुपारी ईएमआय भरता.

खाण्याचं. आधीच्या जिमने चार्ट दिला होता, भाकरी बंद, भात बंद, केळी बंद. जळगावात राहून केळी बंद! यावलच्या माणसाला! इथे उलट, उपाशीपोटी सायकल करायचीच नाही, पहाटे एक केळ खाऊन यायचं. मला नंतर कळलं की माझी गाडी बसण्यात अर्धा वाटा कमी खाण्याचा होता. प्रोटीन वजनाच्या किलोला १.६ ग्रॅम धरलं तर मला १२५-१३० लागतं, आमच्या घरात अंडं येत नाही, त्यामुळे दूध, पनीर, चणे, डाळ करून उरलेलं पावडरने भरतो. रविवारी वरण-बट्टी, तूप सुटून, तो म्हणतो खा, सोमवारी स्क्वॉट आहे. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी तर विचारूच नका.

आता पाचवा स्टार का कापला. पहिलं म्हणजे आखाजीला (अक्षय तृतीयेला) कोच दहा दिवस गावी गेला आणि मालकाच्या पुतण्याने बॅच घेतली. त्याने पहिल्याच दिवशी १०० बर्पी आणि वर बैठकांचे दहा सेट लावले, जोश होता सगळ्यांना, मीही केलं, अक्कल गहाण. पाच दिवस अर्धी बॅच जिना उलटा उतरत होती. कोच परतल्यावर असा तापला की बास, प्रत्येकाला विचारत होता लघवीचा रंग कसा होता, चहासारखी गडद झाली असती तर घरी न बसता सरळ दवाखाना गाठायचा, स्नायू फुटून किडनीवर जातं म्हणे. कुणाला झालं नाही, नशीब. पण एका माणसावर सगळी बॅच उभी आहे आणि तो नसला की हीच जिम इतर जिमसारखी होते, हे पैसे भरताना लक्षात ठेवा.

दुसरं, सव्वा किलोच्या प्लेटा सदा गायब. आम्हाला सांगतात हळूहळू वाढवा, आणि ओव्हरहेड प्रेसला एकदम ५ किलोची उडी, कशी मारायची? मी स्वतःची जोडी घेतली, नाव कोरून. तिसरं, काउंटरवरचे शेठ जाता-येता पावडरीचा डबा पुढे करतात, कोच कधीच करत नाही. आणि चौथा आठवडा. दर चौथ्या आठवड्याला सेट निम्मे, सायकल फक्त हळू. काही जण कुरकुर करतात की पैसे भरून आराम करायचा का, मी पण केली होती. आता त्या आठवड्याची वाट बघतो, कारण पाचव्यात बार हलका लागतो.

फी जिमची महिना १,२००, बॅचची वेगळी १,०००. स्वस्त नाही. दहा महिन्यांत वजन ८४ चं ७९, म्हणजे फोटो टाकण्यासारखं काही नाही. स्क्वॉट ६० वरून पाच रेपचे ९५, सकाळची नाडी ७२ वरून ६१-६२. बायकोचं मत वेगळं घेतलं, ती म्हणाली किलोचं मला माहीत नाही, तुम्ही घरात परत नीट बोलायला लागलात. ते बाबाही परत आले दुकानात, यंदा सहा बॅगा घेऊन गेले.

जायचं असेल तर गाडी समोरच्या गल्लीत लावा, दारात लावली की दूधवाला ओरडतो. आणि उन्हाळ्यात जॉइन होत असाल तर कूलरच्या बाजूची सायकल पकडा, दुसरीचं डावं पेडल चौथ्या राउंडला खडखडतं.