हॉलमधला टीव्ही की कोपऱ्यातलं टेबल? गेमसाठी कन्सोल घ्यावा की पीसी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी आमच्या घरी दोन आवाज ठरलेले. अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्याची करकर आणि आतल्या खोलीत पत्ते पिसल्याची फडफड. या वर्षी आमरस पोटात गेल्यावर तिसराच विषय निघाला. रावेरला केळीची शेती करणारा मावसभाऊ जवळ सरकला आणि म्हणाला, "भो, एक सांग. पीएस फाइव्ह घेऊ का कॉम्प्युटर?" त्याचं बोलणं संपायच्या आत पुतण्या टपकला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "काका, मलाही तेच विचारायचं होतं. म्हणजे अभ्यासासाठी."

या 'अभ्यासासाठी'वर पत्त्यांच्या डावातले चौघेही हसले.

दोघांना मी वेगवेगळं उत्तर दिलं. का दिलं ते इथे लिहितो, कारण हाच प्रश्न जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत सध्या फिरतोय. माझ्याकडे दोन्ही यंत्रं आहेत आणि दोन्हींनी मला कधी ना कधी रडवलंय, तेव्हा कुणाची बाजू घेण्याचं कारण नाही.

आधी पैशाचं बोलू

पीएस ५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, म्हणजेच कन्सोल. तो भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला. तेव्हा गेमची डिस्क घालता येते त्या डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एप्रिल २०२४ मध्ये त्याचा लहान अवतार, स्लिम, आला तो डिस्कसह ५४,९९० ला आणि बिनडिस्कचा ४४,९९० ला. म्हणजे टीव्ही जसा जुना होतो तसा स्वस्त होतो, हा नियम इथे चालला नाही. सणासुदीच्या सेलमध्ये मात्र काही हजारांची सूट मिळालेली आहे, म्हणून घाई नसेल तर थांबलेलं बरं.

पीसीचा हिशोब असा एका आकड्यात सांगता येत नाही. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, गेम साठवायला एक टीबी एसएसडी, बरा पॉवर सप्लाय आणि हवेशीर कॅबिनेट, एवढं धरलं तर पासष्ट-सत्तर हजार लागतातच. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएस जोडला की गाडी नव्वदच्या आसपास जाते. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅम भडकली आहे. मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याचा भाव चढला. जळगावात आपण सराफाला फोन करून आजचा भाव विचारतो ना, तसंच रॅमचं झालंय. महिन्यापूर्वीचं कोटेशन हातात घेऊन दुकानात जाऊ नका.

एवढ्यावर कन्सोल जिंकला असं वाटेल. पण कन्सोलच्या किमतीत टीव्ही धरलेला नसतो, आणि गेमचाही विचार करायला हवा. नवा कोरा मोठा गेम पीएस ५ वर पाच हजारांच्या घरात जातो. पीसीवरही नवे गेम स्वस्त नसतात, पण स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये दोन-तीन वर्षं जुने गेम काही शे रुपयांत मिळतात, तेही यूपीआयने. एपिक गेम्स स्टोअर तर डिसेंबर २०१८ पासून फुकट गेम वाटतंय. मे २०२० मध्ये त्यांनी जीटीए ५ फुकट दिला होता, तो माझ्या खात्यात आजही पडून आहे. कन्सोलवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन मित्रांशी खेळायचा तर वर्गणी वेगळी. पीसीवर ती भानगड नाही. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना कन्सोलवरही वर्गणी लागत नाही, एवढं लक्षात असू द्या.

कन्सोलच्या बाजूने एक मोठा मुद्दा म्हणजे डिस्क. गेम खेळून झाला की विकता येतो, मित्राशी अदलाबदल करता येतो. मी असे दोन गेम नाशिकच्या एका मुलाला विकून तिसरा घेतला. म्हणून दहा हजार वाचवायला बिनडिस्कचा घ्यायचं मनात असेल तर दोनदा विचार करा. ते दहा हजार तीन-चार गेममध्ये परत जातात.

आता ऊन आणि वीज

पुण्या-मुंबईची तुलना वाचून इथे निर्णय घेणारे नेमके इथे फसतात. पीएस ५ च्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. भुसावळचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला हसूच येईल. दुपारी पंचेचाळीसच्या पुढे पारा, आणि पत्र्याची किंवा वरच्या मजल्याची खोली असेल तर रात्री दहालाही भिंत तापलेली. त्या हवेत यंत्र लगेच बंद पडतं असं नाही, पण पंखा विमानासारखा ओरडायला लागतो. माझा कन्सोल पहिल्या उन्हाळ्यात टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात होता. एक दिवस गेम मध्येच थांबला आणि जास्त तापल्याची सूचना आली. कपाटाचं दार उघडून हात घातला तर कढईजवळ हात नेल्यासारखी धग. त्या दिवसापासून तो उघड्यावर असतो, चहूबाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवून.

पीसीला इथे वाव आहे. कॅबिनेटला पुढे जाळी आणि तीन पंखे लावता येतात, आणि धूळ स्वतः ब्रशने आणि ब्लोअरने काढता येते. आपल्याकडची धूळ साधीसुधी नाही. मार्च-एप्रिलच्या वावटळीनंतर मी कॅबिनेट उघडतो तेव्हा जाळीवर गोधडीसारखा थर असतो. कन्सोलचं वरचं आवरण काढून तेवढी साफसफाई करता येते, पण आत फार खोल जाऊ नये. पीएस ५ मध्ये प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या नेहमीच्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, वापरलेलं आहे, ते घरच्या स्क्रू-ड्रायव्हरचं काम नाही.

आणि कुलर. खान्देशात एसीपेक्षा कुलर जास्त, त्यामुळे सांगणं भाग आहे: दोन्हींपैकी कुठलंही यंत्र कुलरच्या झोतासमोर ठेवू नका. गार वारा लागतोय म्हणून बरं वाटतं, पण त्यात ओलावा असतो, आणि ओलाव्यावर धूळ चिकटली की ती ब्रशने निघत नाही.

विजेचं बिल मात्र उगाच बदनाम आहे. मोठा गेम चालू असताना पीएस ५ साधारण २०० वॉट घेतो, वर टीव्ही. वर सांगितला तसा पीसी मॉनिटरसह त्याच्याच आसपास जातो, कारण आरटीएक्स ४०६० चं कार्ड ११५ वॉटचं आणि तो प्रोसेसर ६५ वॉटचा. तीनशे वॉट धरा आणि रोजचे दोन तास धरा, तर महिन्याला अठरा युनिट होतात. गेम खेळताना लावलेला दीड टनाचा एसी हे आठवड्याच्या आत संपवतो. हां, पुतण्याला हवंय तसं महागडं कार्ड घेतलं तर गणित बदलतं.

खरी भीती वीज जाण्याची आणि त्याहून परत येण्याची. दोन उन्हाळ्यांपूर्वी भरदुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा येताना टेबलाखालून 'फट्' असा आवाज झाला. जळक्या वायरचा वास सुटला. पॉवर सप्लाय गेला होता. चूक माझीच, यूपीएसची बॅटरी मेलेली होती आणि मी आज-उद्या करत होतो. पण पुढची गोष्ट महत्त्वाची. संध्याकाळी कॅबिनेट स्कूटरवर मध्ये ठेवून गोलाणी मार्केटला नेलं, तिथे पोराने अर्ध्या तासात नवा पॉवर सप्लाय बसवून दिला, आणि रात्री जेवणानंतर मी खेळत होतो. याउलट एका मित्राच्या कन्सोलची टीव्हीची वायर लावायची एचडीएमआयची खाच लहान मुलीने वायर ओढल्याने तुटली. ती दुरुस्त करायला कन्सोल बाहेरगावी पाठवावा लागला आणि तीन आठवडे टीव्हीखाली रिकामा चौकोन राहिला.

घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवणार असाल तर मागचं बटण बघा. 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' असे दोन मोड असतात. नॉर्मलवर असेल तर पंखा-दिव्याला कळत नाही एवढ्या वेळात पीसी बंद पडतो. शिवाय जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर चांगल्या प्रतीच्या पॉवर सप्लायला मानवत नाही, प्युअर साइन वेव्हचाच हवा. कन्सोल अचानक बंद पडला तर पुढच्या वेळी 'नीट बंद केला नव्हता' म्हणून तक्रार करतो, स्टोरेज तपासतो आणि बहुतेक वेळा चालू होतो. तरी गेम सेव्ह होत असतानाच वीज गेली तर त्या सेव्हचं नशीब.

खेळायचं काय, यावर बरंच अवलंबून

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ हे ज्याच्या तोंडी रोज आहेत त्याने कन्सोलकडे बघूही नये. शेवटचे दोन कन्सोलवर नाहीतच. व्हॅलोरंट २०२४ पासून आहे, पण माऊसने नेम धरायची सवय असलेल्याला कन्ट्रोलर म्हणजे हातमोजे घालून कॅरम खेळल्यासारखं. सर्व्हर मुंबईत असल्यामुळे जळगावातूनही पिंग, म्हणजे सर्व्हरचा प्रतिसाद, छान मिळतो, फक्त वायफायऐवजी लॅनची वायर ओढा.

उलट ज्याला गोष्टीचे मोठे गेम आवडतात त्याच्यासाठी कन्सोलवर पंगत आधी वाढली जाते. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ चं तेच, ऑक्टोबर २०१८ आणि नोव्हेंबर २०१९. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक कन्सोलवर नोव्हेंबर २०२२ ला आणि पीसीवर सप्टेंबर २०२४ ला. जीटीए ६ ची घोषणाही कन्सोलसाठीच झाली. वर्ष-दोन वर्षं धीर धरता येत असेल तर पीसीवाल्याचं फारसं बिघडत नाही, उलट तोवर किंमत उतरलेली असते.

डाउनलोडचं दोन्हीकडे सारखंच दुखणं. शंभर जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या लाइनवर साडेचार तास घेतो, तोही लाइन खरोखर पन्नासची असेल तर. रात्री लावून झोपावं.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस हा कन्सोल विचारात असेल तर तो लहान आहे आणि वीजही कमी खातो, पण ५१२ जीबीतले ३६४ च हाताला लागतात आणि डिस्कला जागा नाही. निन्टेंडो स्विच हा कन्सोल भारतात अधिकृतपणे विकलाच गेला नाही, त्यामुळे बिघडला तर तुम्ही आणि तुमचं नशीब. गेमिंग लॅपटॉप फक्त हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी घ्यावा, आणि मे महिन्यात मांडीवर घेऊ नये.

यंत्र बसणार कुठे?

मावसभावाला मी एकच उलटा प्रश्न विचारला. "तुझ्या घरी संध्याकाळी सात ते दहा टीव्ही कुणाचा?"

तो म्हणाला, "कुणाचाच नाही. आई वाड्यात, बायको मोबाइलवर. पोरं कार्टून बघतात तेवढंच."

मग कन्सोल. दिवसभर बागेत, घड कापणीच्या दिवसांत तर गाडी भरेस्तोवर रात्र होते. अशा माणसाला घरी येऊन पीसीतलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर अपडेट करत बसायचं नसतं. त्याला बटण दाबून सोफ्यावर टेकायचंय. दोन कन्ट्रोलर घेतले की पोराबरोबर क्रिकेट २४ नाहीतर फुटबॉल. आम्ही लहानपणी रेल्वे क्वार्टरमध्ये पिवळी कॅसेट फुंकून फुंकून लावायचो, मारिओ चालू झाला की शेजारची पाच पोरं दारात उभी. ती मजा टेबलासमोर एकट्याने बसून येत नाही, ती टीव्हीसमोरच येते. दुसरा कन्ट्रोलर पाच-सहा हजारांचा आहे, तो बजेटमध्ये आधीच धरायला सांगितलं.

पुतण्याचं उलट. त्यांच्याकडे सात ते दहा टीव्हीवर आजीचं राज्य. तिच्या मालिकेच्या मध्ये एचडीएमआय बदलण्याची हिंमत माझ्या भावातही नाही. कन्सोल घेतला असता तर खेळायला रात्री अकरानंतर मिळालं असतं, आणि मग सकाळची कॉलेजची बस गेलीच. शिवाय त्याला कोडिंग, प्रोजेक्ट, थ्री-डी मॉडेलिंग खरंच करायचंय. त्याचं 'अभ्यासासाठी' निम्मं खरं आहे, आणि पंचाहत्तर हजार घरातून काढायला निम्मं खरं पुरतं.

त्याला मी असं सांगितलं: आधी प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि चांगला पॉवर सप्लाय घे. प्रोसेसर ५६०० ऐवजी ५६००जी घे, त्यात ग्राफिक्स आतच असतं, त्यावर व्हॅलोरंट मजेत चालतो. कार्ड पुढच्या वर्षी. पॉवर सप्लाय मात्र आत्ताच साडेसहाशे वॉटचा, नाहीतर तो दोनदा घ्यावा लागतो. हा टप्प्याटप्प्याचा रस्ता फक्त पीसीत आहे, कन्सोल अर्धा विकत मिळत नाही.

त्याने मान हलवली आणि विचारलं, "काका, आणि तुमचं जुनं कार्ड?"

पुढच्या आखाजीला बघू म्हणालो.