टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर घरी: मापाचं टोपण की ओरल सिरिंज?

पॅरासिटामॉल सिरपच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपणाला आमच्याकडून नापास. पारदर्शक प्लॅस्टिकवरच्या पारदर्शक रेघा रात्री दोन वाजता झिरोच्या दिव्यात कुणाला दिसणार? शिवाय घट्ट सिरप कडेला चिकटून राहतं. चहाच्या चमच्याचं तर नावच नको.

त्यापेक्षा 5 एमएलची ओरल सिरिंज घ्या. 0.2 एमएलचा फरकही कळतो, टोकाला सुई बसत नाही. आधी बाटली जोरात हलवा; औषध तळाशी बसतं, न हलवता दिलं तर पहिले डोस फिके आणि शेवटचे कडक होतात. वाटीत थोडं ओतून सिरिंजमध्ये ओढा. मुलाला बसवून टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि एकेक एमएल सोडा, मधे गिळू द्या. थेट घशाकडे मारलं तर ठसका लागतो, आणि जखम तिथेच आहे. टोकाला बूच असेल तर आधी काढून दूर ठेवा, मुलाच्या घशात अडकू शकतं. दट्ट्या बाहेर काढून कोमट पाण्याने धुवा. आकडे पुसट होतात, हा हिचा दोष. झाले की नवी आणा.

पण खरी चूक होते ती डिस्चार्जच्या वेळी. सिस्टर सांगतात, "सहा-सहा तासांनी 5 एमएल द्या." आई मान डोलावते. किती पॉवरचं, हे विचारायचं राहून जातं. आपल्याकडे हेच औषध 5 एमएलमध्ये 120 मिग्रॅ, 5 एमएलमध्ये 250 मिग्रॅ आणि ड्रॉप्समध्ये 1 एमएलला 100 मिग्रॅ असं मिळतं. किलोला 15 मिग्रॅ धरले तर 16 किलोच्या मुलाला 240 मिग्रॅ लागतात. म्हणजे 120 च्या बाटलीतून 10 एमएल, 250 च्या बाटलीतून 4.8 आणि ड्रॉप्सचे फक्त 2.4. मेडिकलवाल्याने 120 ची बाटली दिली आणि आईने 5 एमएलच दिलं, तर मुलाला निम्माच डोस मिळतो. मूल रात्रभर कण्हतं आणि घरचे म्हणतात, औषध लागूच पडत नाही. उलट, सांगितलेले 10 एमएल 250 च्या बाटलीतून गेले तर डोस दुप्पट.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर वजन, मिलिग्रॅम, बाटलीचा पॉवर आणि एमएल, चारही लिहून घ्या. बाटली आणून सिस्टरांकडून सिरिंजवर पेनाने खूण करून घेतली तर उत्तमच. 24 तासांत चारच्या वर डोस नकोत. आयब्युप्रोफेन हे दुखण्याचं दुसरं औषधही लिहून दिलं असेल तर लेबल वाचा: दोन्ही एकत्र असलेली सिरपं सर्रास मिळतात, वर साधं पॅरासिटामॉल दिलं की तेच औषध दोनदा जातं.

"दुखतंय का?" एवढंच विचारून भागत नाही. इंजेक्शनच्या भीतीने मुलं सरळ "नाही" म्हणतात. लाळ गळतेय, थुंकी गिळत नाही, नुसतं पडून आहे, म्हणजे दुखतंय. डॉक्टरांनी वेळेवर द्यायला सांगितलं असेल तर रडण्याची वाट न बघता घड्याळ बघून द्या, पहिले दोन-तीन दिवस रात्री उठवूनसुद्धा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं पुन्हा वाढू शकतं, आणि नेमकं तेव्हाच घरचे औषध थांबवतात. जेवणाआधी अर्धा तास डोस दिला तर मूल चार घोट जास्त पितं. घसा कोरडा पडला की आणखी दुखतो.

थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर पुढच्या डोसची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा.