खरादकामाच्या राष्ट्रीय संमेलनाला बाबांसोबत जाऊन आले

गेल्या हिवाळ्यात बंगळुरूजवळ देशभरातल्या लाकूड खरादणाऱ्यांचं, म्हणजे फिरत्या लाकडाला पटाशी लावून वस्तू घडवणाऱ्यांचं, तीन दिवसांचं संमेलन भरलं होतं. मी आणि बाबा गेलो होतो. संमेलनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्या मी आयोजकांना फोनवर आधीच सांगितल्या आहेत. आपल्या भागातले दोन-तीन सुतार विचारत होते, जावं का, पैसे वसूल होतात का, म्हणून हे लिहिते.

आधी आमचं सांगते, म्हणजे कोणत्या नजरेनं पाहिलं ते कळेल. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात. खराद घरात आजोबांपासून आहे. बाबांनी तिला मोटार बसवली आणि सात वर्षांपासून ती मी चालवते. लाटणी, दिवाणाचे पाय, पाळण्याचे दांडे वर्षभर चालतात. आखाड लागला की दुसरं काही हातात घेत नाही, कारण तान्हा पोळा येतो. पोरांच्या लाकडी नंदीला चार चाकं लागतात. हंगामात हजार-बाराशे चाकं मी काढते. नंदी घडवणारे वेगळे, चाकं मात्र चार गावांची आमच्याकडूनच जातात.

ब्रह्मपुरीहून पॅसेंजरनं बल्लारशा, तिथून संघमित्रा एक्सप्रेस. दोघांची फी सात हजार रुपये, त्यात दोन वेळचं जेवण. राहणं वेगळं. गाडीभाडं, राहणं, वरखर्च धरून साडेसोळा हजार लागले. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही. पोळ्याच्या कमाईतून बाजूला काढून ठेवली होती.

पहिल्या दिवशी चार हॉलमध्ये एकाच वेळी प्रात्यक्षिकं होती. एकात वाडगे, एकात झाकणाचे डबे, एकात पेन, आणि चौथ्यात फक्त धार. बाबा म्हणाले, "धारच पाहू. बाकी हात करतेच." ते त्यांचं बोलणं ऐकलं हे फार बरं झालं.

शिकवणारे केरळचे होते, साठीच्या आसपासचे. त्यांनी खोलगट पटाशीच्या उतारावर, म्हणजे धारेमागच्या तिरक्या भागावर, काळ्या मार्करनं रंग दिला, ग्राइंडर बंदच ठेवला, पटाशी दगडाला टेकवली आणि हातानं दगड जरासा फिरवला. मग पटाशी उलटी करून दाखवली. काळा रंग फक्त टोकाजवळ पुसला होता, मागे तसाच. म्हणजे पटाशी उभी धरली गेली, धार बोथट होणार. त्यांनी दांडा केसभर खाली केला, पुन्हा रंग, पुन्हा दगड. आता रंग मागे पुसला, टोक काळंच. तिसऱ्यांदा उतारावरचा सगळा रंग एकसारखा गेला. तेव्हा कुठे त्यांनी ग्राइंडरचं बटण दाबलं आणि दोन-तीन हलक्या घासांत काम संपवलं.

बाबा पन्नास वर्षं पटाशीला धार लावतात. ठिणग्या कुठल्या बाजूला उडतात यावरून त्यांना कळतं, पण ते मला कधी समजावून सांगता आलं नाही. मी दरवेळी जास्त घासते आणि पटाशी वर्षभरात बोटभर झिजते. एका मार्करनं ते काम झालं. दहा रुपयांचा मार्कर.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. दुपारच्या प्रात्यक्षिकात एक साधा हिशेब फळ्यावर लिहिला होता: लाकडाचा व्यास इंचांत मोजायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, उत्तर 6000 ते 9000 च्या मधे राहिलं पाहिजे. दहा इंची वाडगा असेल तर 600 ते 900 फेरे. लाकूड वेडंवाकडं असेल तर त्याहून कमीपासून सुरुवात.

मी तिथेच वहीत आमच्या खरादीचा हिशेब मांडला. मोटार 1440 फेऱ्यांची, पट्ट्याच्या दोन्ही पुल्या सारख्या, म्हणजे लाकूडही 1440 नंच फिरतं. सहा इंचाला 8640, चालेल. आठ इंचाला 11,520. चार वर्षांपूर्वी बाबांनी आठ इंची बाभळीचा ठोकळा लावला होता, तो सुटून त्यांच्या भुवईवर बसला. सात टाके पडले. आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो की खिळा नीट बसला नव्हता, बाभळीत गाठ होती. मी वही बाबांसमोर धरली. त्यांनी आकडे पाहिले, भुवईवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मंग गाठीचा दोष नव्हता बाई. आपनच जोरात फिरवत होतो."

उलट दोन इंची चाकाला आमचा गुणाकार येतो 2880, म्हणजे फारच कमी. म्हणून चाकांच्या कडा खरखरीत निघतात आणि मी पॉलिश पेपरवर तासन्‌तास घालवते. हे मला कुणी सांगितलं नसतं तर आयुष्यभर घासत बसले असते.

चेहऱ्यावरच्या काचेबद्दल आणि मास्कबद्दल तिथे पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते बरोबरच आहे. कठीण लाकडाची बारीक भुकटी कॅन्सरला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं नोंदवलेलं आहे. आपल्याकडे तोंडाला दुपट्टा बांधला की झालं असं समजतात. दुपट्ट्यातून ती भुकटी आत जाते. मी तिथूनच दोन मास्क आणि एक फेसशील्ड घेतली. खरेदी तेवढीच केली. चार जबड्यांचा चक फार आवडला होता, लाकडाला खिळा न ठोकता पकडतो. साडेसहा हजार सांगितले. हातात घेऊन दोनदा फिरवला आणि ठेवून दिला.

आता तक्रारी. प्रात्यक्षिकं बहुतेक इंग्रजीत, थोडी कन्नडमध्ये. हिंदी जवळजवळ नाहीच. मला इंग्रजी कामापुरती समजते, बाबांना मी कानात सांगत होते, त्यात माझंही अर्धं निसटत होतं. आमच्यासारखे आणखी लोक होते, राजस्थानचे दोघे भाऊ तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर हॉलमध्ये आलेच नाहीत. बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. खराद हेच ज्यांचं पोट, तेच बाहेर बसले हे मला अजून खुपतं. प्रत्येक हॉलमध्ये हिंदीत सांगणारा एक माणूस उभा केला असता तर फार खर्च आला नसता.

दुसरं, पडद्यावर पटाशीचं टोक दिसायला हवं तर कॅमेरा शिकवणाऱ्याच्या पाठीवर लावलेला. सहाव्या ओळीतून काहीच दिसत नव्हतं. आम्ही सांगितल्यावर एका स्वयंसेवक मुलानं बाबांना पुढे खुर्ची नेऊन दिली, ते चांगलं केलं.

तिसरं नंदीचं. आपापली एक वस्तू आणून टेबलावर मांडायची अशी तिथे पद्धत होती. अमेरिकेत खरादणाऱ्यांची संघटना 1986 मध्ये स्थापन झाली, तिच्या वार्षिक संमेलनात असं मांडतात, त्यावरून ही कल्पना घेतली असं उद्‌घाटनात सांगितलं. कल्पना खूप छान आहे. संध्याकाळी जाणकार मंडळी एकेक वस्तू हातात घेऊन बोलतात. मी हळदूच्या लाकडाचा नंदी नेला होता. अंग बाबांनी कोरलेलं, चाकं आणि घंटा मी काढलेली. तो मुख्य टेबलावर न ठेवता कोपऱ्यातल्या खेळण्यांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी त्या टेबलाकडे कुणी आलंच नाही. मला रात्री झोप लागली नाही. सकाळी जाऊन सरळ बोलले की हे खेळणं आहे, पण चाक, आस आणि घंटा तिन्ही खरादीवरची आहेत, पाहायचं तर काम पाहा. त्यांनी ऐकलं, नंदी मोठ्या टेबलावर आला. तिथे दोघांनी विचारलं, हे पिवळं लाकूड कुठलं? आमच्याकडे सागाचं नाव मोठं, बल्लारपूरच्या डेपोतला साग देशभर जातो. पण खरादीवर सागाचा रेषा उसळतो, आणि हळदू लोण्यासारखा कापला जातो. बारीक रेषेचा, चाकाला तर त्याच्यासारखं लाकूड नाही. हे मी तिथे मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि लोकांनी लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी बसनं चन्नपट्टणला नेलं. बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्यानं साठेक किलोमीटर. लाकडी खेळण्यांचं गाव, त्यांच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. पैसे या एका दिवसातच वसूल झाले असं मी म्हणेन.

एका लहानशा खोलीत एक म्हातारे कारागीर बसून काम करत होते. फिरत्या लाकडावर त्यांनी लाल लाखेची कांडी दाबली. घर्षणानं लाकूड तापतं, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही. मग केवड्याच्या जातीच्या झाडाच्या सुक्या पानाची पट्टी त्यावर दाबून धरली आणि डोळ्यांदेखत काचेसारखी चमक आली. पॉलिशचा वास नाही, लहान मुलानं तोंडात घातलं तरी भीती नाही. आमच्या चाकांना आम्ही बाजारचा ऑइलपेंट लावतो, तो दोन दिवस वाळवावा लागतो आणि पोराच्या हाताला लागतो.

बाबांनी कांडी मागितली. त्या म्हाताऱ्यांनी जागा दिली. बाबांनी कांडी हळूच टेकवली, लाख वितळलीच नाही, नुसता लाल ओरखडा उमटला. त्या म्हाताऱ्यांनी बाबांच्या मनगटावर आपला हात ठेवला आणि जोरानं दाबला. एक अक्षर बोलले नाहीत. लाख सरकन पसरली. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, "पायलं का? मी भेत होतो, म्हनून लाकूड थंडच रायलं." पुढची वीस मिनिटं ते उठलेच नाहीत. बस निघायची वेळ झाली तेव्हा मला त्यांना हाक मारून आणावं लागलं.

तिथे कळलं की ती माणसं ज्या लाकडाला आले मर म्हणतात तो आपला काळा कुडा. आमच्या झाडीपट्टीतल्या जंगलात उभा आहे, कुणी ढुंकून पाहत नाही. आणि लाख तर पळस, कुसुम, बोरीवर येते. गोंदिया-गडचिरोलीकडे लाखेचं पीक घेणारे शेतकरी आहेत. कच्चा माल आमच्या दारात, रंग आम्ही डब्यातून विकत आणतो. येताना गाडीत बाबा रात्रभर याच विषयावर बोलत होते.

घरी आल्यावर काय झालं ते सांगते, कारण खरी परीक्षा तीच. तीन पायऱ्यांच्या पुल्यांची जोडी नागपूरहून मागवली, साडेअकराशेला पडली. आता आमची खराद 720, 1440 आणि 2880 अशा तीन वेगांनी फिरते. वरच्या वेगासाठी जुनी बुशिंग काढून बॉल बेअरिंग बसवावे लागले, ते बाबांनी स्वतः केलं. चाकांच्या कडा आता पटाशीवरच गुळगुळीत निघतात, पॉलिश पेपरचा खर्च निम्म्यावर आला. मार्कर ग्राइंडरच्या शेजारी सुतळीनं बांधून ठेवलाय, कुणी उचलून नेऊ नये म्हणून.

ओल्या लाकडाचा वाडगाही करून पाहिला. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची, तसाच जाडसर काढून सुकवायचा आणि मग पुन्हा खरादायचा, असं शिकवलं होतं. वादळात पडलेल्या आंब्याचे दहा इंची तीन वाडगे इंच-इंच जाडीचे काढले. दोन त्यांच्याच भुशात गुंडाळून कागदी पिशवीत धान्याच्या कोठीमागे ठेवले, एक तसाच फळीवर ठेवला. आमच्याकडचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. फळीवरचा पंधरा दिवसांत काठापासून तळापर्यंत चिरला. पिशवीतले दोन्ही थोडे लांबट झालेत, पण शाबूत आहेत. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तारखेसह पिशवीवर लिहिते. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा खरादीवर चढवीन.

तर जायचं असेल त्यांच्यासाठी: स्वतःची खराद असेल आणि तिच्यावर पोट असेल तर जरूर जा, सोबत आपली एक पटाशी आणि आपल्या मोटारीचे फेरे लिहून न्या. नुसती मशीनं पाहायला जात असाल तर एवढा खर्च करू नका. इंग्रजी येत नसेल तर घरातलं शिकलेलं कुणी बरोबर घ्या. पहिल्याच दिवशी धारेच्या हॉलमध्ये बसा आणि पुढची खुर्ची मागून घ्या, मिळते. आपली वस्तू कुठे ठेवताहेत ते उभं राहून पाहा. चन्नपट्टणची बस चुकवू नका.

हिंदीत सांगणारा माणूस ठेवू असं आयोजकांनी मला फोनवर कबूल केलंय. पुढच्या वेळी आम्ही चौघं जाणार, काका आणि चुलतभाऊही येतो म्हणतात. काळ्या कुड्याची वाळलेली दोन लाकडं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून मिळाली आहेत, लाख कुरखेड्याकडून येतेय. यंदाच्या पोळ्याला निदान शंभर चाकं लाखेची करायची असं बाबांनी ठरवलंय.