काळा की नेव्ही, पांढरा की मोतिया: घाऱ्या डोळ्यांच्या माणसाने ऑफिसला काय घालावं

"गोऱ्या माणसाला काय, काहीही खुलतं!" हे मी लहानपणापासून ऐकत आले. असं म्हणणाऱ्या एकाही बाईने मला काळ्या ड्रेसमध्ये बघितलेलं नव्हतं.

आमचं घर गोव्यातलं, फोंड्याचं. घारे डोळे आणि पिंगट केस आजीपासून चालत आलेले. पणजीत नोकरीला लागले तेव्हा हौसेने काळाभोर कुर्ता घेतला. दुकानात पिवळ्या दिव्याखाली तो झकास दिसला होता. ऑफिसात पहिल्याच दिवशी तिघींनी विचारलं, बरं नाही का गो? चौथीने काही विचारलंच नाही, सरळ पंख्याखालची खुर्ची पुढे सरकवली.

आता माझी भाची पणजीतच, पाटो भागातल्या एका ऑफिसात लागतेय. रंगरूप माझंच, पगार मात्र नवा, म्हणजे कपाट एकदम भरणार नाही. त्यामुळे दर वेळी 'हे की ते' हा प्रश्न. एका रविवारी सकाळी आम्ही बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, खुर्ची मांडली, घरातल्या ओढण्या, साड्या, पडदे, जे मिळेल ते तिच्या गळ्याशी धरून पाहिलं. हा सगळा आढावा त्या सकाळचा, आणि थोडा माझ्या चुकांचा.

आधी एक खुलासा. हे सगळं नुसत्या गोऱ्या माणसासाठी नाही. गोरा रंग आणि केस काळे कुळकुळीत असतील तर त्या माणसाला काळा, राणी, डाळिंबी सगळं पेलतं, कारण चेहऱ्यातच काळं-पांढरं आहे. मी बोलतेय ते कातडी, केस, भुवया, डोळे सगळंच फिकं असलेल्यांबद्दल. अशा चेहऱ्यावर ठळक रेघ कुठेच नसते. म्हणून माझा एकच नियम आहे: कपड्याचा गडदपणा कातडीशी नाही, भुवयांशी ताडून बघा. गळ्याजवळचं कापड भुवयांपेक्षा फार गडद झालं की समोरचा माणूस कापडाशीच बोलतो. खात्री करायची तर खिडकीशी उभं राहून फोनवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. रंग गेले की गडद-फिकं लगेच कळतं. भाचीच्या फोटोत केस मध्यम करडे आले आणि काळी ओढणी डांबरासारखी.

काळा की नेव्ही

खरा वाद इथेच असतो, कारण 'ऑफिसचा रंग' म्हटलं की पहिल्यांदा काळाच डोळ्यापुढे येतो. काळं कापड हनुवटीखाली आलं की खालून चेहऱ्यावर उजेड परतत नाही. डोळ्यांखालची वर्तुळं, नाकाजवळच्या रेघा सगळं उठून दिसतं. मोतिया कापड धरलं तेव्हा भाचीच्या गळ्याखालची सावली जवळजवळ गेली, काळं धरलं तेव्हा ती हनुवटीच्या दोन्ही बाजूंनी वर चढली. आरसा तोच, उजेड तोच.

शेजारचा रंग आपला रंग बदलतो, हे काही आजचं शहाणपण नाही. पॅरिसच्या गोबलँ या चित्रगालिचे विणणाऱ्या कारखान्यात 1824 पासून मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रार आली की निळ्या-जांभळ्या भागांत तो फिका पडतो. त्याने तपासलं तर धागा चोख होता, दोष शेजारच्या रंगांचा होता. तो नियम त्याने 1839 साली छापून मांडला. माझ्या काळ्या कुर्त्याच्या बाबतीत शेजारी माझा चेहरा होता, आणि फिका तो पडला, एवढाच फरक.

नेव्ही त्यामानाने समजूतदार. अधिकार काळ्याइतकाच, पण चेहऱ्यावर चाल करून येत नाही. तरी अगदी शाईसारखी नेव्ही पिंगट केसांना जडच जाते. त्याहून एक पायरी फिकी, पावसाळी ढगासारखी निळसर राखाडी मिळाली तर आमच्यासारख्यांना सगळ्यात उत्तम. दुकानात तिला नाव नसतं, 'ग्रेइश ब्लू' म्हणा, दोन-तीन थान पुढे टाकतील.

व्यवहाराचंही बघा. आपल्याकडच्या दमट हवेत काळ्यावर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, आणि उन्हात वाळवून वाळवून तो तपकिरी पडतो. नेव्हीही उडते, पण इतकी चटकन डोळ्यांत भरत नाही. आणि काळा आवडतोच असेल तर पँट काळी घ्या. कमरेखालचा रंग तोंडाला काही करत नाही. मी नंतर पंधरा वर्षं तेच केलं.

वकिलांना मात्र हा प्रश्नच नाही. पर्वरीच्या हायकोर्टात काळा कोट घालायचाच. पण बघा, मधे पांढरा बँड असतो, आणि हनुवटीखाली उजेड टाकायचं काम तो बरोबर करतो.

पांढरा की मोतिया

पणजीचं चर्च पांढरंशुभ्र आहे. पोर्तुगीज काळात पांढरा हा चर्चचा रंग मानत, म्हणून घरं गेरू, निळी, पिवळी. फोन्तेंयश या पणजीच्या जुन्या वस्तीतून चालताना मला नेहमी वाटतं की पिवळ्या भिंतीपाशी उभं राहिलेलं माणूस चर्चच्या पायऱ्यांवरच्यापेक्षा तजेलदार दिसतं. डिटर्जंटच्या निळसर शुभ्र पांढऱ्याचंही तेच: फिक्या चेहऱ्यापेक्षा तो जास्त चमकतो, आणि आपले दात नि डोळ्यांतलं पांढरं त्यापुढे पिवळट दिसायला लागतं. मोतिया, साय, ताकाचा पांढरा हे प्रकार चेहऱ्यासोबत राहतात.

तरी शुभ्र पांढरा सरसकट बाद नाही. कातडीत गुलाबी झाक असेल, ऊन लागल्यावर तुम्ही काळवंडण्याआधी लाल होत असाल, तर मोतिया कधीकधी मळका वाटतो, तिथे पांढराच बरा. पिवळसर झाक असेल तर मोतिया डोळे मिटून घ्या.

आणि डाग. हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, थेंब दोन्हींवर सारखाच दिसतो. हळद साबणाने लाल होते, घाबरू नका, उन्हात टाकली की उडते. पावसाळ्यात तांबड्या मातीचे शिंतोडे पँटच्या पायावर आले की मात्र जपा. त्या मातीत लोह आहे, ब्लीच घातलं तर डाग आणखी पक्का बसतो. लिंबू-मीठ चोळून वाळवलेलं बरं. म्हणून पांढरी किंवा मोतिया पँट जून ते सप्टेंबर कपाटातच. पण कपाटातही बुरशीचे ठिपके पडतात, तेव्हा महिन्यातून एकदा तिला उजेड दाखवा.

अबोली की बेबी पिंक

इथे माझा पक्षपात उघड आहे. अबोलीचा गजरा बघत वाढलेल्या बाईने गुलाबी कशाला घ्यावा? पण भाचीच्या खांद्यावर दोन ओढण्या टाकल्यावर ती आपली झाक ओळखायची सगळ्यात सोपी परीक्षा निघाली. डावीकडे अबोली, उजवीकडे थंड, किंचित जांभळट असा फिका गुलाबी. अबोलीच्या बाजूचा गाल ताजा दिसला, गुलाबीच्या बाजूचा जरा करडा. म्हणजे पिवळसर झाक. माझ्या मामेबहिणीवर नेमकं उलट झालं, अबोलीने तिचं नाक लाल दिसायला लागलं. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, हे बघण्यापेक्षा ही परीक्षा बरी. शिरा ट्यूबलाइटखाली काहीही सांगतात.

यातून पुढचे रंग आपोआप सुटतात. अबोली जमली तर मोतिया, बिस्किट, पिस्ता, हलका मोरपंखी, सोन्याचे कानातले. गुलाबी जमला तर निळसर राखाडी, फिका जांभळा, आकाशी, चांदी. सगळं इतकं काटेकोर नसतंच, माझ्याकडे एक फिका जांभळा कुर्ता आहे जो नियमात बसत नाही आणि मला शोभतो.

दोन्हींना एकच इशारा: अगदी फिके, दुधात बुडवल्यासारखे रंग पायापासून डोक्यापर्यंत घातले तर मुलाखतीला गेलेली मुलगी मुंजीला निघाल्यासारखी दिसते. वर फिका असेल तर खाली एक गडद हवा.

गर्द रंग हवाच असेल तर

बॉटल ग्रीन की आमसुली? घाऱ्या डोळ्यांपुढे हिरवा धरला की डोळे पेटतात, हे मी खूप जणांवर पाहिलंय. पण बॉटल ग्रीन भुवयांपेक्षा फार गडद, म्हणून शेवाळी घ्या. आमसुली नि वाईन दोन्ही चेहऱ्याला ओढून घेतात, लग्नाला ठीक. भडक शेंदरी, पोपटी, राणी ऑफिसात नकोच. राणी रंगाची झाक थेट गळ्यावर पडते.

साडी नेसणाऱ्यांना मात्र सगळे नियम निम्म्याने सैल. चेहऱ्याजवळ ब्लाऊज आणि खांद्यावरचा पदर, बाकी सहावार खाली. कुणबी साडीच्या लाल चौकडीची मला भीती वाटायची. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी ती पुन्हा चर्चेत आणली तेव्हा ऑफिसातल्या दोघींनी घेतल्या, मी लांबच राहिले. मग एकदा मोतिया ब्लाऊजवर नेसून पाहिली, आणि लाल खाली राहिला, मी वर. ओढणी-स्टोलचंही तसंच. नकोसा रंग मधल्या कापडाने अडवता येतो.

पुरुषांचं थोडक्यात

माझा भाऊ वेर्ण्याला औषध कंपनीत आहे, रूप आमच्यासारखंच. आकाशी शर्ट त्याला खुलतो, डोळे निळसर दिसतात. पण बसमधून उतरेपर्यंत आकाशीवर आणि फिक्या राखाडीवर काखेत घामाचा नकाशा. पांढऱ्यावर आणि नेव्हीवर तो दिसत नाही. त्यामुळे मीटिंगच्या दिवशी तो बारीक निळ्या रेघांचा मोतिया शर्ट घालतो, आकाशी एसीतल्या शनिवारी. बिस्किट कलरची पँट आणि बिस्किट कलरचाच शर्ट त्याने एकदा घातला होता. फोटोत नुसता चष्मा दिसतो.

कापड कुठल्या उजेडात बघायचं

यावर खरं तर आधीच लिहायला हवं होतं. दुकानातले पिवळे दिवे साधारण 3000 केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), ऑफिसातले पांढरे 6500 च्या आसपास. पिवळ्यात मोतिया सोन्यासारखा आणि काळा सोज्वळ, पांढऱ्यात दोन्ही उघडे पडतात. पणजीत अठरा जून रस्त्यावर किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खरेदी करताना कापड घेऊन दारापर्यंत या, कोणी अडवत नाही. पण मांडवीकाठच्या दुपारच्या उन्हात नको, तिथे सगळेच डोळे बारीक करून बघतात. सकाळी नऊ-दहाचा सावलीतला उजेड बरा. लिपस्टिक पुसून बघा, आणि केस रंगवत असाल तर रंगवल्यानंतर बघा. मी मध्ये काळी मेंदी लावली तेव्हा सहा महिने सगळे कपडे परक्याचे वाटत होते. आता केस रुपेरी होतायत आणि नेव्हीसुद्धा जड वाटायला लागलीय, तेव्हा तीही हळूहळू भाचीकडेच जाईल.

तिची पहिली यादी अशी ठरली: मोतिया कुर्ते दोन, शेवाळी एक, अबोली एक, निळसर राखाडी पँट, नेव्ही पँट. गुलाबी बाद. काळा कुर्ता तरीही तिने घेतलाच. "वर मोतिया स्टोल येणार आहे मावशी," असं मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगून टाकलं.