हिस्टामिनला चांगलं, कायमेजला अर्धवट: मास्ट पेशींचं एक जोडकिट

मास्ट पेशी म्हणजे अ‍ॅलर्जीत आपल्या कणांमधली रसायनं बाहेर सोडणाऱ्या पेशी. उंदीर-घुशींच्या या पेशींमधलं हिस्टामिन (खाज-सूज आणणारा लहान रेणू) आणि कायमेज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) एकाच नमुन्यातून मोजून देणारं हे किट मी वर्षभर वापरतेय. कंपनीचं नाव देत नाही, पण असं जोडकिट घेणार असाल तर माहितीपत्रकावर डोळे मिटून विसंबू नका.

आधी चांगलं सांगते. हिस्टामिनची एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून रंगावरून मोजायची चाचणी, खरोखर उत्तम आहे. रेणू इतका लहान की अँटिबॉडीला तो नुसता धरता येत नाही, म्हणून आधी त्याचं असायलेशन करावं लागतं, म्हणजे त्याला एक रासायनिक गट जोडावा लागतो. स्टँडर्डसुद्धा (ठाऊक प्रमाणाचे नमुने) त्याच पायरीतून न्यायला विसरू नका. रंग जितका फिका तितकं हिस्टामिन जास्त, हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. एकाच नमुन्याच्या दोन वेल्समधला (प्लेटवरच्या खळग्यांमधला) फरक फारच कमी येतो. मात्र घुशीच्या पोटातल्या एका मास्ट पेशीत १० ते २० पिकोग्रॅम हिस्टामिन असतं. एक मिलिलिटरमध्ये लाखभर पेशी घेतल्या तर आकडा हजार नॅनोग्रॅमच्या पुढे जातो, आणि स्टँडर्डवरून काढलेला मोजणीचा कर्व्ह त्याच्या कितीतरी आधी संपतो. नमुना भरपूर पातळ करावाच लागतो.

आता कायमेज. पत्रकात लिहिलंय: ४८/८० (मास्ट पेशींना कण सोडायला लावणारं रसायन) द्या, जोरात सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी दोन्ही चाचण्यांना वापरा. मी तसंच केलं. हिस्टामिन भरभरून सुटलेलं दिसलं, पण कायमेजच्या वेल्स जवळपास ब्लँकसारख्याच, म्हणजे नमुना न घातलेल्या वेल्ससारख्या. या चाचणीत एन्झाइम जितकं जास्त तितका पिवळा रंग गडद, पण ४०५ नॅनोमीटरला तो नावाला. मला वाटलं पेशीच खराब, म्हणून पुढच्या आठवड्यात नव्या घुशी घेऊन पुन्हा केलं. तेच. ते प्राणी वाया गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मास्ट पेशींचे कण जांभळे रंगवणाऱ्या टोल्युइडिन ब्लूची स्लाइड केली. जांभळ्या पेशींभोवती जांभळेच कण विखुरले होते, कोणी मोहरी सांडावी तसे. तिथे उलगडलं. कण पेशीबाहेर पडले की हिस्टामिन सोडियमशी जागा बदलून पाण्यात उतरतं. घुशीच्या पोटातल्या पेशींचं कायमेज मात्र हेपरिन या कणातल्या लांब साखळीच्या रेणूला घट्ट चिकटून कणातच बसतं. जोरात फिरवलं की हे सुटलेले कण पेशींबरोबर तळाशी जातात. म्हणजे एन्झाइम बाहेर पडलेलं असतं, आपण ते पेलेटसोबत (तळाच्या गाळासोबत) टाकून देतो!

आता मी आधी हळू फिरवते. पेशी खाली बसतात, कण वर राहतात. वरच्या भागात एक मोलरपर्यंत मीठ घालते, म्हणजे कायमेज हेपरिनवरून सुटतं, आणि मग रीडिंग घेते. त्या दिवशी प्लेट हळदीसारखी पिवळी झाली. हिस्टामिनसाठीचा भाग मात्र मीठ घालायच्या आधीच वेगळा काढून ठेवते.

आतड्याच्या अस्तरातल्या मास्ट पेशींसाठी हा खटाटोप लागत नाही. त्यांचं एन्झाइम वेगळं, घुशीत त्याला आरएमसीपी-२ म्हणतात, आणि ते साध्या बफरमध्येही उतरतं. पण त्या पेशी ४८/८० ला दाद देत नाहीत, आणि पत्रक दोन्ही पेशींना एकच कृती सांगतं. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. मास्ट पेशींच्या या दोन प्रकारांतला फरक कित्येक दशकांपासून माहीत आहे.

कंपनीला स्लाइडच्या फोटोसकट सगळं कळवलं. उत्तर आलं, पत्रक बदललं नाही. पुढच्या वेळी मी हिस्टामिनचा भागच सुटा मागवणार आहे. कायमेजचं सब्सट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करून रंग आणतं ते रसायन) वेगळं मिळतं, मीठ तर कपाटात आहेच.